घोडसोंडेवरची सरळ रेघ

१

शिट्टी तीनदा वाजली होती.

त्याला आता सात वर्षं झाली. श्रावणातला रविवार होता, सकाळचे दहा वाजत आले होते आणि डोंगरावर धुकं इतकं दाट होतं की ताजुद्दीनला हातातल्या काठीचं टोक दिसत नव्हतं. शिट्टी खालच्या अंगाने आली. बारीक, जराशी थरथरती. तो थांबला आणि कान देऊन उभा राहिला.

पावसाळ्यात त्या रानात कस्तुर असतो. काळानिळा पक्षी, दिसत नाही कुणाला, पण शीळ घालतो ती थेट माणसासारखी. पुण्यामुंबईची माणसं फसतात, कोण बोलावतंय म्हणून मागे वळून बघतात. मावळातलं शेंबडं पोरसुद्धा त्यांना हसतं. ताजुद्दीन तर पन्नास वर्षं त्या रानात शेळ्यांमागे हिंडलेला. तो मनाशी म्हणाला, कस्तुर आहे. आणि पुढे निघाला.

कस्तुर कधी मोजून तीन शिट्ट्या घालत नाही. हे त्याला तेव्हाही माहीत होतं.

२

यंदा आषाढात सत्यम नवं घड्याळ घेऊन गडाच्या पायथ्याशी, तिकोणा पेठेत ताजुद्दीनच्या घरी आला.

सत्यम लोणावळ्याचा. तिकोण्याच्या आजूबाजूच्या डोंगरांतली दौड दर श्रावणात तोच भरवतो. दोन-अडीचशे माणसं पळतात, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, अडलं तर तीनदा वाजवायची, आणि सगळ्यांच्या मागून ताजुद्दीन चालतो. त्याचं काम एवढंच, की शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं, त्याला ओलांडायचं नाही, आणि वाट दाखवायला झाडांना बांधलेल्या नारिंगी फिती जाता जाता सोडून पोत्यात भरायच्या. ताजुद्दीन खाली पोचला म्हणजे डोंगर रिकामा झाला, असं सगळे धरून चालतात. गावात त्याला 'शेपूट' म्हणतात, पण मायेने म्हणतात.

"चाचा, ते जुनं काढा आता," सत्यम म्हणाला. "वय झालं त्याचं."

"वय माजंबी झालंय. मलाबी काडता का?"

"तुम्हाला काढलं तर दौड संपली हे कोण सांगणार?" सत्यम हसला आणि त्याच्या मनगटावरचा जुना पट्टा स्वतःच सोडू लागला. खाली कातडीवर पांढरट वण उमटला होता. "हे नवं बघा. चालाल ती वाट फोनातल्या नकाशावर रेघ होऊन उमटते; झाडी असो, दरी असो, धुकं असो, तुमचं एक पाऊल सुटायचं नाही. जुन्यासारखं मधेच हरवून सरळ रेघ मारत बसणार नाही हे."

ताजुद्दीनने चहाची बशी खाली ठेवली.

"आठवते ना ती रेघ? संदेशच्या वेळची? पोलिसांना समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला होता."

"व्हय," ताजुद्दीन म्हणाला.

त्याची सून जीनत दारात उभी होती. अंगणवाडीत काम करते, फोनातलं तिला सगळं कळतं. "जुन्यातलं समदं ह्यात येईल का वो, सत्यमभाऊ?"

"सगळं. सात वर्षांचं."

३

घोडसोंड म्हणजे डोंगराची पुढे आलेली सोंड. दौडीची वाट तिच्या गळ्याशी येते, सोंडेला अडीच किलोमीटरचा फेरा घालते, आणि पुन्हा गळ्याशीच, आत शिरली तिथून दोनशे पावलांवर बाहेर पडते. बाहेर पडायच्या जागी अंजनीचं झाड आहे. तिथून डावीकडे वळलं की पेठ. उजवीकडे गवताची उतरण, आणि उतरणीच्या शेवटी कडा.

सात वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी अकरा वाजता खाली मांडवात ताजुद्दीनचा सत्कार होता. शाल आणि नारळ. जन्मात त्याचा कुणी सत्कार केला नव्हता. जीनतने पांढरा सदरा इस्त्री करून पिशवीत दिला होता. वर पाऊस, गुडघ्यात कळा, आणि तासभर पुढे कुणी दिसलेलं नाही. गळ्याशी आल्यावर त्याला वाटलं, गेले असतील सगळे. तो फेऱ्याला गेलाच नाही. आडवा दोनशे पावलं चालला. शिट्टी ऐकली ती त्या दोनशे पावलांत. अंजनीला फीत होती, ती सोडून त्याने पोत्यात टाकली आणि उतरला.

"मागं कोन न्हाई," तो सत्यमला म्हणाला. मग खांद्यावर शाल पडली, टाळ्या वाजल्या.

संदेश फेऱ्यातच होता. लोणावळ्याजवळच्या औंढ्याचा पोरगा, कुसगावच्या एका हॉटेलात कामाला, सव्वीस वर्षांचा. पाय मुरगळला होता. लंगडत बाहेर आला तेव्हा अंजनीला फीत नव्हती. संध्याकाळी मांडवात त्याची एकट्याची पिशवी उरली, तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी शोधायला सगळ्यांच्या आधी ताजुद्दीन वर गेला. आधी त्याने फेऱ्यातल्या उरलेल्या फिती सोडल्या. मग हाका मारल्या.

तिसऱ्या दिवशी पोरगा कड्याखाली सापडला. चौकीत ताजुद्दीनच्या घड्याळात उमटलेली वाट तपासली, तर घोडसोंडेवर सरळ रेघ. सत्यम म्हणाला, धुक्यात असं होतं साहेब, घड्याळाला आभाळ दिसलं नाही की ते दोन ठिकाणं सरळ जोडून टाकतं. साहेबांनी ताजुद्दीनकडे बघितलं. ताजुद्दीनने मान हलवली.

लोक म्हणाले, पोरगा फोटो काढायला कड्याकडे गेला असेल.

४

नवं घड्याळ हलकं होतं. सकाळी पाला आणायला निघताना ताजुद्दीन ते बांधी. एक किलोमीटर भरला की ते मनगटावर गुरगुरे, मांजराच्या पोटात गुरगुरतं तसं. घरी आला की काढून जीनतच्या शिवणयंत्रावर ठेवी.

आठवड्याने जीनत फोन घेऊन त्याच्याजवळ बसली.

"अब्बा, नवं घड्याळ जुनंबी सुदारतंय वाटतं."

"म्हंजी?"

"ह्ये बगा. संदेशच्या वेळची दौड. सरळ रेघ व्हती ना हितं?"

त्याने चष्मा लावला. ती रेघ त्याने सात वर्षांत एकदाच बघितली होती, चौकीतल्या टेबलावर. आता तिच्या एका टोकाला कोंब फुटला होता. तांदळाच्या दाण्याएवढा, फेऱ्याच्या वाटेकडे वळलेला.

"तवा न्हाई गावलं, ते आता गावलं आसंल," जीनत म्हणाली आणि चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी कोंब बोटाच्या पेराएवढा झाला. ताजुद्दीन आता रोज संध्याकाळी म्हणे, आज किती चाललो बघ, आणि मग उगाच आठवल्यासारखं म्हणे, ते जुनंबी दाव. रेघ वाढत होती. त्याने मनाची समजूत घातली. जीनत फाटलेल्या कापडाला रफू करते, आजूबाजूचे धागे बघून भोक भरते. यंत्रालाही वाट ठाऊक आहे, तेही भोक भरत असेल. भरू दे. फेरा पुरा झाला की ताजुद्दीन त्या दिवशी घोडसोंडेला फिरून आला होता असंच दिसेल. मग जगात कुणाकडेच दुसरं काही लिहिलेलं उरणार नाही.

त्या रात्री त्याला सात वर्षांत पहिल्यांदा गाढ झोप लागली. सकाळी त्या झोपेची त्याला इतकी लाज वाटली की जीनतने दिलेला चहा त्याने तिच्याकडे न बघता घेतला.

दुपारी घरात तो एकटाच होता. मुलगा टेम्पो घेऊन गेलेला, जीनत अंगणवाडीत. पत्र्यावर पाऊस एका सुरात पडत होता. तेवढ्यात शिवणयंत्राकडून आवाज आला. लोखंडावर गुरगुर. यंत्राच्या फळीवरची रिकामी रिळं थरथरली, एक गडगडत खाली पडलं आणि खाटेखाली गेलं. ताजुद्दीन उठून जवळ गेला. घड्याळावर एकचा आकडा होता. आकडे त्याला वाचता येत. थोडा वेळ तो आकडा तिथे राहिला आणि विझला.

त्याने घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवलं, वर झाकण लावलं.

संध्याकाळी जीनत फोन बघून म्हणाली, "आज फेऱ्यात बरोब्बर एक किलोमीटर भरलं, अब्बा."

५

रेघ माणसासारखी चालत होती, पण ताजुद्दीनसारखी नाही. तो शेळ्यांमागचा माणूस. त्याची चाल एकसारखी, सुताने धरल्यासारखी. ही रेघ थोडी जाई आणि थांबे. थांबली तिथे दोऱ्याचा गुंता व्हावा तशी गाठ होई. फेऱ्याच्या मधोमध पाण्याचा झरा आहे. रेघ वाट सोडून झऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. यंत्र भोक भरत असतं तर त्याला पाण्याची तहान कशाला लागली असती? हा प्रश्न ताजुद्दीनच्या मनात आला, आणि त्याने तो लगेच दूर सारला.

दोन दिवसांनी जेवताना तांदळाच्या डब्यात गुरगुर झाली. मुलगा म्हणाला, उंदीर शिरला. जीनत उठून डब्याकडे गेली नाही. तिने फक्त सासऱ्याच्या ताटाकडे बघितलं. त्याचा हात भाकरीवर तसाच राहिला होता.

मग रेघ अंजनीपाशी पोचली आणि पुढे सरकेना. तीन दिवस तिथे नुसती गाठ जाड होत गेली. चार पावलं डावीकडे, चार उजवीकडे, परत झाडाशी.

"फीत बगतोय," ताजुद्दीन तोंडातल्या तोंडात म्हणाला.

"काय म्हणलात?"

"काय न्हाई."

जीनतने फोन मांडीवर ठेवला. "अब्बा, एक इचारू? हितं वेळबी लिवलीय. पावणेबारापत्तर तुमी त्या झाडापाशी हाय. अन् सत्कार तर अकराला झाला. मी सोता फोटो काडला तुमचा, शाल घेतलेला."

बाहेर एक शेळी ओरडली, गप्प झाली.

"घड्याळ चुकत आसंल," तो म्हणाला.

"ह्ये चुकत न्हाई म्हणले व्हते सत्यमभाऊ."

ती आणखी काही विचारील म्हणून तो मान खाली घालून बसला. ती फोन घेऊन उठली. त्यानंतर ती त्याला पहिल्यासारखाच चहा देई, गुडघ्याला लावायला तेल गरम करून देई. फक्त त्याच्याशी बोलताना दुसरीकडे बघे. कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं.

६

दौडीला पाच दिवस उरले तेव्हा तो जीप धरून औंढ्याला गेला.

संदेशची आई विठाबाई पडवीत वाकळ शिवत बसली होती. त्याला बघून तिने सुई खोचून ठेवली.

"ताजुभाऊ? आज हिकडं कशी काय वाट चुकलात?"

"आसंच. म्हणलं बगून यावं."

"लय बरं केलंत. या, वर या. ऱ्हाऊ द्या चिखलाचं, आमचं घर काय काचंचं हाय?" तिने पाण्याचा तांब्या दिला. दरवर्षी दिवाळीला नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन ती त्याच्याकडे पेठेत येई. माझ्या पोराला हाका मारत सगळ्यांच्या आधी हाच माणूस डोंगर चढला, असं ती चारचौघांत सांगे. "सून काय म्हणती? गुडघा कसाय?"

"गुडघ्याचं काय, चाललंय."

"चाललंय म्हणं. म्हाताऱ्या बैलावानी बसत्यात अन् म्हणत्यात चाललंय." ती हसली. मग वाकळीवरून हात फिरवत बसली. "पाच दिसांनी दौड ना? ते दिस आले की मी त्याला शिव्या देती बगा. अजून देती. ल्हानपणापास्नं आसाच. सांगितल्याली वाट धरायचा न्हाई. गेला आसंल मेला फोटू काडाय. लोक म्हणत्यात, आयनं वळण लावलं न्हाई पोराला. खरंच आसंल."

"तसं न्हाई, विठाबाई."

"मग कसं?"

तिने त्याच्याकडे सरळ बघितलं. रागाने नाही, खरंच विचारत होती. सात वर्षांत तिला असं 'तसं न्हाई' कुणी म्हटलं नसावं. ताजुद्दीनच्या तोंडात सगळं तयार होतं. लांबलचक काही नव्हतंच ते. दोनशे पावलं आणि एक फीत, एवढंच सांगायचं होतं. त्याने ओठ ओले केले.

"पाय घसरला आसंल त्याचा," तो म्हणाला.

"घसरला तरी तिकडं गेला म्हणूनच ना? वाट सोडली म्हणूनच ना?"

ताजुद्दीनने मान हलवली.

तिने भात वाढला, वर आमटी. "तुमी जेवलात की बरं वाटतं," ती म्हणाली. "माज्या पोराच्या मागं शेवटपत्तर तुमीच व्हता." त्याने ताटातलं शीतही ठेवलं नाही. तिच्यासमोर घास नाकारता येत नव्हता, आणि बोलताही येत नव्हतं.

संध्याकाळी घरी आला तर जीनत दारातच उभी होती. तिने फोन त्याच्यापुढे धरला. रेघ अंजनीपासून निघाली होती. उजवीकडे. गवताच्या उतरणीवर, केसाएवढी.

७

सकाळी उजाडल्यावर त्याने मागच्या वर्षीच्या पोत्यातून एक नारिंगी फीत काढली, घड्याळ मनगटावर बांधलं आणि डोंगर धरला.

धुकं होतंच. घोडसोंडेच्या गळ्याशी यायला त्याला दोन तास लागले. मनात एकच हिशोब होता. फीत नव्हती म्हणून पोरगा चुकला. आता फीत बांधायची. बांधली की फोनातली रेघ डावीकडे वळेल. यात कुणाला काही सांगायची गरज पडत नाही, हेही त्या हिशोबात होतं. ते तो स्वतःलाही मोठ्याने म्हणाला नाही.

अंजनीच्या ज्या फांदीची फीत त्याने सोडली होती, ती आता जाडजूड झाली होती. बोटं गारठलेली, गाठ बसेना. शेवटी दातांनी ओढून घट्ट केली. फितीचं टोक हातातच धरून तो दम खात उभा राहिला.

तेव्हा पावलं ऐकू आली. एक पाऊल नीट पडत होतं, एक ओढत येत होतं. ओल्या गवतावर नीट, मग ओढत.

त्याने मान वर केली नाही. शेळी असेल, त्याने स्वतःला समजावलं. लंगडी शेळी असेल, पेठेतली नाहीतर कुणाची. मग त्याने वर बघितलं.

उतरणीवर दहा पावलांवर कुणीतरी पाठमोरं उभं होतं. पांढुरक्या धुक्यात आकार तेवढा. खांदे बारीक. पाठीवर नंबराचं कापड ओलं होऊन चिकटलं होतं, आकडा वाचता येत नव्हता. एक टाच गवताला टेकत नव्हती.

ताजुद्दीनचे पाय पुढे जाईनात. इतकी वर्षं शेवटच्या माणसाला ओलांडायचं नाही हेच अंगात मुरलेलं.

"बाळा," तो म्हणाला. आवाज फार बारीक निघाला. "डावीकडं. हिकडनं डावीकडं. ह्ये बग, फीत बांदलीय मी."

आकार हलला नाही.

"चूक माजी हाय. म्या फेरा मारला न्हाई. तुजी शिट्टी आयकली व्हती मी. आयकली व्हती."

तेव्हा त्या माणसाने मान जराशी वळवली. तोंड दिसलं नाही. कान दिसला, आणि कानावर चिकटलेले ओले केस. कुणी पुढचं ऐकायला थांबतं तसा तो थांबला होता. आणि पुढचं काय, हे ताजुद्दीनला कळत होतं.

"काल गेलतो तुज्या आयकडं," तो म्हणाला. "सांगायाच गेलतो."

गवतावरून पाणी वाहत होतं. दोघांच्या मधे दहा पावलं होती. कान तसाच त्याच्याकडे होता.

"तिनं जेवायला वाडलं रं. मग तोंड उगडंना." त्याने हातातलं फितीचं टोक पिळलं. "सांगंन मी. खरंच सांगंन. एवडी यंदाची दौड हुंदे. सत्यमनं समदं ठरवलंय, माणसं यायची हायत, आता मधीच कसं... दौड झाली की दुसऱ्या दिवशी जातो."

समोरच्या माणसाने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. थोडा वेळ तसाच उभा राहिला, आणखी काही येतंय का बघत असावा. मग मान समोर केली. फितीकडे त्याने बघितलं नाही, ताजुद्दीनकडेही नाही.

आणि एक पाऊल नीट, एक ओढत, तो उतरणीवरून खाली, कड्याच्या बाजूला चालत गेला.